लालबागचा जॉकी

एका शब्दासाठी तीन आठवडे म्हणजे चैनच, असं मला वाटलं होतं.

शब्द होता ‘डीजे’. परभाषांतून मराठीत आलेल्या शब्दांचा एक कोश तयार होतोय, त्यात माझ्या वाट्याला आलेली ही अर्ध्या पानाची नोंद. मी मूळची दादरची. पण अकराव्या वर्षी डोंगरातल्या एका शाळेत गेले आणि तिथून पुढे भाषाशास्त्र शिकायला थेट एडिंबराला. नोंद मी येताना विमानातच लिहून काढली होती. शब्द कुठला, आला कसा, अर्थ किती बदलला, सगळं. खाली ‘स्थानिक उदाहरण’ म्हणून दोन ओळी मोकळ्या सोडल्या होत्या. लालबागला जायचं, त्या दोन ओळी भरायच्या आणि तिसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारच्या विमानानं परत, एवढाच बेत होता.

माझी अपेक्षा अशी की, इथवर येता येता शब्द झिजून गेला असेल. लोक तो रोज वापरत असतील, पण त्याच्या पोटात काय आहे हे कुणाला माहीत नसेल. ते मी त्यांना सांगेन!

झालं उलटं. मी सांगायला गेले आणि ऐकत बसले. साउंडवाल्याच्या दुकानातल्या वायरींसारखे असतात हे किस्से. एक सोडवायला घ्यावी तर तिच्यात गुंतलेल्या चार बाहेर येतात. एक वही भरली, दुसरी घेतली. त्या वह्यांमधलेच हे काही.

* * *

चिंचपोकळी स्टेशनपासून चालत सात-आठ मिनिटांवर सुलूताईंचं साउंडचं दुकान आहे. सुलूताई कोळ्यांच्या. घरचे सगळे मासळीच्या धंद्यात, एकट्या वडिलांनी होडी भावाला देऊन हे दुकान काढलं. त्यांच्यामागे सुलूताईंनी चालवलं. आता त्या साठीला टेकल्यात आणि अजून स्वतः सोल्डरिंग करतात.

पहिल्याच दिवशी मी वही उघडून विचारलं, “तुमच्याकडे डीजे कोण आहे?”

त्यांनी मान वर केली नाही. “कोण नाय, काय,” म्हणाल्या आणि हातातल्या तापल्या सळईनं भिंतीकडे खूण केली. भिंतीला पुरुषभर उंचीची काळी खोकी रचलेली होती. “हा अर्धा. अर्धा वडाळ्याला गोडाऊनमध्ये पडलाय.”

मी आनंदानं लिहून घेतलं. माणूस गळून पडला, खोकी उरली! मराठीत डीजे म्हणजे वाजवणारा नव्हे, वाजणारी वस्तू. विमानात लिहिलेलं शब्दन्‌शब्द खरं ठरत होतं.

“मग ही खोकी जो वाजवतो, त्याला काय म्हणता?”

सुलूताईंनी आता मान वर केली. मी शाळेत गेलेली मुलगी दिसते तरी असं का विचारते, अशा नजरेनं माझ्याकडे बघितलं.

“त्याला नावानं हाक मारतो.”

* * *

ते नाव परबभाऊंचं.

दुकानाच्या मागच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर टोकाच्या खोलीत भाऊ राहतात. मिलमध्ये लूमवर होते. संप झाला, मिल गेली, आणि तेव्हापासून ते सुलूताईंच्या दुकानाचे रेकॉर्डवाले. बाहेरची कामं कधीच सुटली, पण चाळीतलं एक काम त्यांनी सोडलेलं नाही. रोज सकाळी सातला गॅलरीतल्या छोट्या कर्ण्यावर एक रेकॉर्ड लावायची. एकच. चाळीत त्यांना कुणी डीजे म्हणत नाही, ‘सातचे भाऊ’ म्हणतात.

मी गेले तेव्हा हे कामही जायला आलं होतं. भाऊंचा उजवा हात वर्षभरापासून थरथरतो. सुई रेकॉर्डवर टेकताना घसरते आणि कर्ण्यातून असा काही चीत्कार निघतो की झोळीतली पोरं रडत उठतात. चाळीच्या मीटिंगमध्ये ठरलं, या सोमवारपासून पेनड्राइव्ह. सुलूताईंनी दोनशे गाणी भरूनही ठेवली होती. भाऊंनी विरोध केला नाही. दुसऱ्या कुणाला का शिकवलं नाही, असं मी विचारलं, तर म्हणाले, “शिकूक इलो कोण?” सुलूताईंच्या गुडघ्यांना तीन मजले झेपत नाहीत. बाकीच्यांना सातची लोकल.

मी त्यांना माझा शब्द समजावून सांगितला. स्कॉटलंडमध्ये जॉन नावाच्या माणसाला घरात जॉक म्हणतात. आपल्याकडे जसा बाळू, बंड्या, तसा तिकडे कुणीही जॉक. त्याचंच लाडकं रूप जॉकी. मग घोड्यांच्या बाजारात फिरणाऱ्या पोरांना जॉकी म्हणू लागले, मग घोड्यावर बसणाऱ्याला. पुढे अमेरिकेत रेडिओ आला, तेव्हा रेकॉर्डी लावत मध्ये मध्ये बोलणाऱ्या माणसाला लोक गमतीनं म्हणाले, हा तबकडीवर स्वार झालेला जॉकी. डिस्क जॉकी. त्याचं डीजे.

भाऊंनी शांतपणे ऐकलं. मला वाटलं, आता आश्चर्य वाटेल.

“जॉकी आमका म्हायत आसा,” ते म्हणाले. रात्रपाळी सुटली की चार-पाच जण चालत महालक्ष्मीच्या रेसकोर्सला जायचे. सकाळी घोडे फिरवायला आणत, ते कुंपणाबाहेरून बघत उभे राहायचे. तास तास. रात्रभर लूमचा गोंगाट ऐकल्यावर टापांचा आवाज बरा वाटायचा, म्हणाले.

“घोडो आपसूक पळता गो. तेका पळवूक जॉकी कशाक होयो? खंय आवरूचो, ता ज्येका कळता तो जॉकी.”

मी पेन खाली ठेवलं. एडिंबरात माझ्या गुरूंनी या शब्दावर दोन तास व्याख्यान दिलं होतं. त्यात हे नव्हतं.

* * *

गिल्बर्ट अंकलची गोष्ट मला गिल्बर्ट अंकलनीच सांगितली, खोताच्या वाडीतल्या त्यांच्या ओट्यावर बसून. तरुणपणी ते ख्रिस्ती लग्नांत रेकॉर्डी वाजवायचे. गळ्यात बो, आणि खिशात छापील कार्डं, त्यावर नावाखाली ‘डिस्क जॉकी’. गिरगावात असं कार्ड छापणारा आपण पहिलाच, असा त्यांचा दावा आहे.

एकदा वाडीतल्या मुलीनं लालबागच्या मुलाशी लग्न केलं. चर्चमधलं उरकून दुपारी वाडीत मांडव. मुलीकडच्यांनी गिल्बर्ट अंकलना सांगितलं होतं, मुलाकडचे आपला रेकॉर्डवाला घेऊन आले. मांडवाच्या एका टोकाला हे, दुसऱ्या टोकाला परबभाऊ.

दोघांचं पहिल्या दहा मिनिटांत वाजलं. अंकलकडे दोन टर्नटेबलं. एका रेकॉर्डचं शेपूट संपायच्या आत दुसरीचं तोंड सुरू, मध्ये खंड नाही. खंड पडला की लोक खुर्च्यांवर जाऊन बसतात, हे त्यांचं शास्त्र. भाऊंकडे एकच टर्नटेबल, आणि दोन गाण्यांच्या मध्ये ते मुद्दाम थांबायचे. तेवढ्यात आया पोरांना हाका मारतात, जेवायला कोण राहिलं ते विचारतात, म्हाताऱ्यांना बोलता येतं. “लोकांक श्वास घेऊक नको?” भाऊंनी विचारलं. अंकल म्हणाले, “श्वास घरी जाऊन घ्या ना, मॅन.”

मग नवरा-नवरी नाचायला उभे राहिले. अंकलनी खास त्या दोघांसाठी जपून ठेवलेली रेकॉर्ड लावली आणि अर्ध्या मिनिटात वाडीची वीज गेली.

अंकलचा सगळा डोलारा मुका झाला. भाऊंचा अ‍ॅम्प्लिफायर गाडीच्या बॅटरीवर चालायचा, तो जिवंत होता, पण टर्नटेबलची मोटर मेलेली. नवरी तशीच हात उचलून उभी. भाऊ मांडव ओलांडून आले, अंकलची रेकॉर्ड न विचारता उचलली, आपल्या टर्नटेबलवर ठेवली, सुई टेकवली आणि उजव्या हाताच्या एका बोटानं रेकॉर्ड फिरवायला लागले.

पूर्ण गाणं, तीन मिनिटांच्या वर. दोघं नाचले.

“सूर हलला नाय, मॅन. केसाएवढा नाय,” अंकल म्हणाले. आपल्याच मांडीवर बोटानं गोल काढत होते. “मी विचारलं कसं काय? तर म्हणतो, बारा वर्षं लूम चालवलाय, चाक किती वेगानं फिरतं ते कानाला कळतं. एवढंच बोलला आणि जेवायला गेला.”

ते उठून आत गेले आणि एक पिवळं पडलेलं कार्ड घेऊन आले. त्या दिवशी घरी गेल्या गेल्या उरलेल्या सगळ्या कार्डांवर त्यांनी हेच केलं होतं. निळ्या शाईनं, पट्टी लावून, ‘जॉकी’ हा शब्द खोडला होता.

नुसतं ‘डिस्क’ ठेवून अंकलनी ती कार्डं पुढे दोन वर्षं वाटली.

* * *

सुलूताईंचा एक किस्सा न सांगता पुढे जाववत नाही.

त्यांच्या प्रत्येक कामाला पहिल्या खोक्यावर स्टीलचा एक पेला असतो. आत चहा, काठाच्या बोटभर खाली. आवाज वाढवा म्हणून कुणी कितीही ओरडू दे, सुलूताई फक्त चहाकडे बघतात. चहा थरथरला तर चालतं. काठाला लागला की त्या जातात आणि आवाज खाली आणतात.

एकदा आवाज मोजायला एक साहेब आले, हातात मीटर. भला माणूस. पेला बघून हसले. सुलूताईंनी त्यांना मीटर झाकून धरायला सांगितलं, चहाकडे बघितलं आणि आकडा सांगितला. साहेबांनी हात काढला. तोच आकडा.

“मग साहेब काय म्हणाले?” मी विचारलं.

“काय म्हणणार? चहा प्यायला तो.”

* * *

सातची रेकॉर्ड मुळात सुरू कशी झाली, हे मला तिसऱ्या भेटीत कळलं.

संपाआधी लालबागची सगळी घड्याळं मिलच्या भोंग्यावर चालायची. भोंगा झाला की चूल, भोंगा झाला की शाळा. संप सुरू झाला आणि भोंगा गेला. पहिले काही दिवस लोकांना बरं वाटलं. मग चाळीला दिवस कधी सुरू झाला तेच कळेना. पोरं शाळेत उशिरा पोचू लागली. माणसं अंथरुणात नुसती डोळे उघडे ठेवून पडून राहायची, कारण उठण्याची खूणच नव्हती. हे भाऊंनी सांगितलं तेव्हा त्यांनी तसे डोळे करून दाखवले.

भाऊ सुलूताईंच्या वडिलांकडे गेले. दुकानातलं जुनं टर्नटेबल, एक कर्णा आणि सात-आठ रेकॉर्डी मागितल्या. वडिलांनी कशाला म्हणून विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी बरोबर सातला चाळीत गाणं वाजलं, आणि लोक उठले!

चौथ्या दिवशी भाऊंनी एक झकास उडतं गाणं लावलं. लावून बाहेर आले तर खाली चौकात दुसऱ्या मजल्यावरचं एक बिऱ्हाड सामान घेऊन उभं. संपाला कंटाळून कायमचे गावाला निघालेले. नवरा पुढे झाला. बायको डोक्यावर ट्रंक घेऊन कर्ण्याखाली थांबली. ते उडतं गाणं संपेपर्यंत ती ट्रंक डोक्यावर घेऊन तशीच उभी राहिली, आणि संपल्यावर वर न बघता निघून गेली.

“ती काय बोलली असती तर बरा झाला असता,” भाऊ म्हणाले.

त्या दिवसापासून ते रेकॉर्ड आदल्या दिवशी काढून ठेवत नाहीत. पाच मिनिटं आधी दार उघडतात आणि गॅलरी बघतात. कुणाच्या दाराशी किती चपला, कुणाची चूल पेटली, कुणाची नाही, दोरीवर काय वाळत घातलंय, कोण कठड्याला टेकून उभं आहे आणि कसं उभं आहे. मग आत येऊन रेकॉर्ड निवडतात. तेव्हापासून आजपर्यंत, रोज!

पेनड्राइव्हमध्ये दोनशे गाणी होती. पण ती बाहेर बघून येणार नव्हती.

* * *

त्यानंतरचं मला सुलूताईंनी सांगितलं, आणि सांगताना दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं.

संप लांबला तशा काही चुली पेटेनाशा झाल्या. चाळीतलं कुणी कुणापुढे हात पसरणाऱ्यांतलं नव्हतं. अशा वेळी भाऊ सातची रेकॉर्ड लावायचे आणि अर्ध्यावर सुई उचलायचे. बस्स. कुणी कुणाला काही विचारायचं नाही. नळावर जाता-येता प्रत्येक घरातून वाटीभर तांदूळ जिन्याखालच्या डब्यात पडायचे. ज्यांच्याकडे वाटी नव्हती ते मूठ टाकायचे. आणि दुपारी एक ते दोन चाळीतली सगळी दारं बंद. गॅलरीत कुणी यायचं नाही, फटीतून बघायचं नाही. त्या तासाभरात ज्याची चूल पेटली नसेल तो डबा रिकामा करून जायचा.

कुणासाठी दिलं हे देणाऱ्याला ठाऊक नाही. कुणी दिलं हे घेणाऱ्याला ठाऊक नाही.

“आमच्या घरानं कितीदा दिलं ते मला ठाऊक आहे,” सुलूताई म्हणाल्या. तेव्हा त्या चौदा-पंधरा वर्षांच्या, त्याच चाळीत राहायच्या. मग म्हणाल्या, “आणि एकदा घेतलेलं पण.”

मी धावत भाऊंकडे गेले. मला सगळं लिहून घ्यायचं होतं. किती घरं, किती वेळा, तुम्हाला कसं कळायचं? भाऊ रेकॉर्डीवरची धूळ पुसत होते.

“मी फक्त रेकॉर्ड थांबवी, बाकी काय नाय,” ते म्हणाले.

* * *

रविवारी हातानं लावायची शेवटची रेकॉर्ड होती. सुलूताई गुडघे धरत तीन मजले चढून आल्या. उद्याची तयारी म्हणून पेनड्राइव्ह जोडायचं यंत्रही आणलं होतं. गिल्बर्ट अंकल गिरगावातून टॅक्सी करून आले, गळ्यात तोच बो. चाळीतले काही जण दारात उभे होते.

सातला पाच मिनिटं असताना भाऊंनी दार उघडलं, बाहेर गेले, नेहमीपेक्षा जास्त वेळ उभे राहिले. आत आले आणि एक जुनी, संथ रेकॉर्ड काढली. हात इतका थरथरत होता की मी त्यांचं कोपर धरलं. सुई टेकली. घसरली नाही. गाणं सुरू झालं. अंकलनी डोळे मिटले.

अर्ध्यावर गाणं थांबलं.

मला वाटलं, हात सरकला. मी सुई परत टेकवायला पुढे झाले, तर भाऊंनी माझं मनगट धरलं. घट्ट. ते बोट, तो अंगठा, काहीही थरथरत नव्हतं.

मी सुलूताईंकडे बघितलं. त्या उठल्या होत्या. खोलीतल्या पिठाच्या डब्याकडे बोट दाखवून त्यांनी भाऊंकडे नुसतं बघितलं, भाऊंनी मान हलवली. त्यांनी पीठ परातीत ओतलं, डबा पुसला आणि तो घेऊन एक-एक पायरी उतरत खाली गेल्या.

मग दुसऱ्या मजल्यावरचं एक दार वाजलं. पंचाहत्तरीच्या पुढची एक आजी पदराखाली वाटी घेऊन कठडा धरत जिन्याकडे निघाली. मग आणखी एक. मग संपाच्या वेळी जी पोरं असतील अशी पन्नाशीची माणसं. दोन वर्षांपूर्वी राहायला आलेली एक मुलगी लॅपटॉपची बॅग खांद्याला लावून, रविवार असून कामावर निघाली होती. ती थांबली, सगळ्यांकडे बघितलं, काही न विचारता परत खोलीत गेली आणि बासमतीचं न फोडलेलं पाकीट घेऊन आली.

कुणी कुणाला काही विचारलं नाही. अंकलनी पैशांसाठी खिशात हात घातला आणि डब्यात पैसे पडत नाहीत हे लक्षात येऊन तो रिकामाच बाहेर काढला. मग खाली जाऊन वाण्याकडून एक किलो तांदूळ घेऊन आले.

एक वाजता चाळीतली दारं बंद झाली. सगळी. आम्ही चौघं भाऊंच्या खोलीत, दाराकडे पाठ करून बसलो. मला मागे वळून बघायचं होतं. आयुष्यात कधी इतकं बघावंसं वाटलं नव्हतं. भाऊ एवढंच म्हणाले, “नाय हां.”

दोनला खाली उतरलो. डबा रिकामा होता. धुऊन, पालथा घालून ठेवलेला.

* * *

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, साडेसहाला मी तिथे होते. भाऊ खाटेवर बसलेले, हात मांडीवर, थरथरणारा. सुलूताई यंत्राची वायर सोडवत होत्या.

मी पेनड्राइव्ह काढून सुलूताईंच्या हातावर ठेवला.

“आज लावशील गं बाय,” सुलूताई म्हणाल्या. “आणि गुरुवारी? विमान आहे ना तुझं?”

“गुरुवारीपण.”

त्यांनी वायर गुंडाळून पिशवीत टाकली. भाऊंनी रेकॉर्डींच्या पेटीवरचा कपडा डाव्या हातानं बाजूला केला.

“खंयची लावतलंस?”

“अजून बाहेर बघितलं नाही,” मी म्हटलं, आणि दार उघडलं.